मेलेली बदकं मोजणं पुरेसं नाही

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉडच्या आतल्या अंगाला वेलफ्लीट नावाचा उथळ उपसागर आहे. १९९८पासून तिथे पानगळीच्या दिवसांत कॉमन आयडर ही मोठी सागरी बदकं मरून किनाऱ्याला लागू लागली. एखाद्या वर्षी थोडी, एखाद्या वर्षी शेकड्यांनी. मृत पक्षी गोळा केले जायचे, काही प्रयोगशाळेत जायचे, यकृतात पेशी मरून पडल्याच्या खुणा सापडायच्या. मारणारं नेमकं काय, ते मात्र कळत नव्हतं. अखेर एक नवाच विषाणू हाती लागला, त्याला त्या उपसागराचंच नाव मिळालं, पण त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध व्हायला २०१४ साल उजाडलं. पहिल्या मरतुकीनंतर तब्बल सोळा वर्षं.

पुढे संशोधकांनी जिवंत आयडरांचं रक्त तपासलं, तेव्हा केप कॉडपासून दूरच्या, एकत्र घरटी करण्याच्या वसाहतींतल्या पक्ष्यांमध्येही या विषाणूची प्रतिपिंडं (संसर्गाशी लढताना शरीर बनवतं ती प्रथिनं, अँटिबॉडी) आढळली. विषाणू तिथे फिरत होता, पक्षी त्याला तोंड देऊन जगतही होते. किनाऱ्यावर मृतदेहांचा खच पडला नव्हता, म्हणून कुणी तिकडे पाहिलं नव्हतं. माझा मुद्दा हाच आहे. रानटी सागरी बदकांच्या आरोग्याची देखरेख म्हणून आज जे चालतं, त्यातला मोठा भाग मेलेल्यांचा पंचनामा असतो. पंचनामा हवाच. पण त्याच्या जोडीला जिवंत, वरकरणी धडधाकट पक्ष्यांची वर्षानुवर्षं, खंड न पडता तपासणी व्हायला हवी, आणि तिचा खर्च सरकारांनी साथ येण्याची वाट न पाहता नेहमीच्या अर्थसंकल्पातून उचलायला हवा.

सागरी बदकं म्हणजे आयडर, स्कोटर, लांबशेपटी बदक, हार्लेक्विन, गोल्डनआय, मर्गान्सर वगैरे मंडळी. वीण उत्तरेकडे टुंड्रात, तळ्यांकाठी, नद्यांकाठी किंवा बेटांवर होते. उरलेलं बरंचसं आयुष्य थंड समुद्रात जातं. मर्गान्सर मासे पकडतात, बाकीचे बहुतेक जण बुडी मारून तळाचे शिंपले, गोगलगायी, खेकडे खातात. माणसाच्या नजरेआड जगणारे हे पक्षी आहेत. स्पेक्टॅकल्ड आयडरचंच उदाहरण घ्या. जगातले जवळजवळ सगळे स्पेक्टॅकल्ड आयडर हिवाळा कुठे काढतात, हे १९९५पर्यंत विज्ञानाला माहीत नव्हतं. पक्ष्यांच्या अंगावरच्या यंत्रांनी उपग्रहाला पाठवलेल्या संदेशांवरून माग लागला, तेव्हा ते बेरिंग समुद्रात, सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेला, बर्फाच्या भेगांमधल्या मोकळ्या पाण्यात लाखोंच्या संख्येने दाटीवाटीने बसलेले सापडले. अशा ठिकाणी साथ आली तर काय दिसणार? मृतदेह बुडतील, गल (समुद्रकाठचे कुरव पक्षी) आणि कोल्हे खातील, वारा भलतीकडेच नेईल. किनाऱ्यावर शंभर सापडले म्हणून शंभरच मेले असं होत नाही, आणि एकही सापडला नाही म्हणून सगळं आलबेल आहे असं तर मुळीच नाही.

या पक्ष्यांच्या जगण्या-मरण्याचं गणितही वेगळं आहे. आयडर दीर्घायुषी, वीस वर्षांहून जास्त जगलेल्या पक्ष्यांच्या नोंदी आहेत. पिल्लं मात्र बहुतेक वर्षी थोडीच तगतात. एखाद्या हंगामात पिल्लं गेली तरी वसाहत सावरते, कारण तीच मादी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच बेटावर येते. प्रौढ माद्याच मरू लागल्या तर ही शिल्लक संपते आणि भरून यायला खूप वर्षं लागतात. दुर्दैव असं की साथीला त्या नेमक्या घरट्यावर सापडतात. पंचवीसेक दिवस मादी अंड्यांवरून जवळपास हलत नाही, खात नाही, वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त गमावते, आणि हाकेच्या अंतरावर तशाच उपाशी दुसऱ्या माद्या बसलेल्या असतात.

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात, साउथहॅम्प्टन बेटाच्या ईस्ट बेमध्ये मिटिविक नावाचं छोटं बेट आहे. तिथे आयडरांची हजारो घरटी असतात. संशोधकांनी १९९६पासून तिथे दर उन्हाळ्यात तळ ठोकला होता: पक्षी जाळ्यात पकडायचे, वजन करायचं, पायात कडं घालायचं, घरट्यांवर नजर ठेवायची. निव्वळ चिकाटीचं काम. २००५मध्ये तिथे पक्ष्यांचा कॉलरा आला. माणसांच्या कॉलऱ्याशी त्याचा संबंध नाही. पाश्चुरेला मल्टोसिडा नावाच्या जीवाणूचा हा आजार, आणि तो पक्ष्याला काही तासांतही संपवू शकतो. पुढची काही वर्षं माद्या घरट्यांवरच मरत राहिल्या, वसाहत झपाट्याने घटली.

पण आधीची जवळजवळ दहा वर्षं हाताशी होती. त्यामुळे निरोगी वर्षी किती माद्या परत येतात, त्यांचं वजन किती असतं, त्या किती अंडी घालतात, हे माहीत होतं, आणि साथीने नेमकं काय बिघडवलं ते मोजता आलं. त्यातून हाती आलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. साथीच्या वर्षांत जास्त अंडी घालणाऱ्या माद्या जास्त मेल्या. साथ नसलेल्या वर्षांत असा फरक दिसत नव्हता. म्हणजे एरवी जी मादी वसाहतीचा सगळ्यात मोठा आधार, तिलाच रोगाने आधी उचललं. मेलेल्या पक्ष्यांच्या मोजणीतून हे कधीच कळलं नसतं. त्यासाठी प्रत्येक मादीची साथीआधीची नोंद असावी लागते.

त्याच सुमारास हडसन सामुद्रधुनीच्या काठावरचे इनुइट (उत्तर ध्रुवाकडचे मूळ रहिवासी) शिकारीही बेटांवर मेलेल्या आयडर पाहत होते. नंतर त्यांनी सांगितलेल्या जागा आणि वर्षं नकाशावर मांडली गेली, तेव्हा साथ कुठून कुठे सरकली याचं चित्र उभं राहिलं. शास्त्रज्ञांचा तळ एका बेटावर होता. शिकाऱ्यांच्या होड्या सगळीकडे जात होत्या.

आता पंचनाम्याविषयी थोडं, कारण त्याला कमी लेखायची माझी इच्छा नाही. मेलेलं आयडर टेबलावर आल्यावर पाहणारा आधी छातीच्या हाडावर बोट फिरवतो. हाडाची कड सुरीसारखी वर आली असेल, दोन्ही बाजूंचं मांस आटलं असेल, तर पक्षी आठवडेच्या आठवडे झिजत गेला. छाती भरलेली, पोटात चरबी, घशात ताजं अन्न, आणि यकृतावर टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके असतील तर कॉलऱ्याचा संशय घ्यायचा: पक्षी खाता-पिता मेला. पेषणीत (अन्न दळणाऱ्या जठरात) झिजलेला छर्रा सापडला तर शिशाची विषबाधा. आतड्याच्या भिंतीत काटेरी डोकं रुतवून बसलेले नारिंगी कृमी सापडले तर ते खेकड्यांतून आले. एवढं सगळं एका मृतदेहातून कळतं, मात्र तो लवकर, थंड ठेवून, न गोठवता पोहोचला तर. गोठवल्याने पेशी फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्यासारखं फारसं उरत नाही.

पण मृतदेह शेवटचा घाव दाखवतो, पहिला नाही. १९९९-२०००च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या वाडन समुद्रात सुमारे २१ हजार आयडर मेले. पक्षी हाडांचे सापळे झाले होते, आणि आतड्यांत काटेरी डोक्याचे कृमी होते. कृमींनी मारलं म्हणून तिथेच थांबता आलं असतं. ते निदान कुणालाच अडचणीचं नव्हतं. कृमींवर खटला भरता येत नाही. खोलात गेल्यावर दिसलं ते वेगळं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वारेमाप मासेमारीने आणि शिंपल्यांच्या नव्या पिलावळीच्या दुष्काळाने तिथले शिंपल्यांचे थर नाहीसे झाले होते, यांत्रिक होड्या तळ खरवडून कॉकल (वाळूत राहणारे छोटे शिंपले) उपसत होत्या, आणि आयडरांना पोटभर, सकस खाणं उरलं नव्हतं. शिंपले मिळेनात म्हणून पक्षी खेकड्यांकडे वळतात, आणि कृमी येतात ते खेकड्यांतूनच. आधी भूक, मग कृमी. या संपूर्ण वादात पक्षी, शिंपले आणि मासेमारी या तिन्हींच्या जुन्या नोंदी असणाऱ्यांचं म्हणणं टिकलं. कॉकलच्या मासेमारीवर युरोपीय न्यायालयाचा निकाल २००४मध्ये आला आणि वाडन समुद्रातली यांत्रिक कॉकल-उपसणी थांबली. तो निकाल काही एकट्या आयडरांमुळे लागला नाही. पण नोंदी नसत्या, तर 'रोगाने मेले' एवढ्या दोन शब्दांवर प्रकरण मिटलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

म्हणून 'आरोग्य' हा शब्द इथे रोगजंतूंपुरता घेऊन चालणार नाही. काही विषांची तर साथच येत नाही. अलास्काच्या युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात वीण करणारे स्पेक्टॅकल्ड आयडर १९७०च्या दशकापासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंत ९० टक्क्यांहून जास्त घटले आणि १९९३मध्ये ही जात अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली आली. किनाऱ्यावर कुठेही ढीग पडला नव्हता. वीण करणाऱ्या माद्या पकडून रक्त तपासलं, तेव्हा कारणांपैकी एक सापडलं: शिसं. शिकारीत वापरलेले छर्रे तळ्यांच्या गाळात पडले होते, बदकं ते दाणे किंवा खडे समजून गिळत होती. रक्तात शिसं असलेल्या माद्या पुढच्या वर्षापर्यंत जगण्याचं प्रमाण लक्षणीय कमी होतं. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर अमेरिकेत १९९१पासूनच देशभर बंदी आहे. पण टुंड्रातल्या तळ्यांचा गाळ छर्ऱ्यांना चटकन खाली जाऊ देत नाही. मुद्दाम टाकून पाहिलेले छर्रे दहा वर्षांनीही बदकांच्या चोचीच्या आवाक्यातच होते. बंदी घातली म्हणजे विष संपलं असं समजून मोकळं होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. युरोपीय संघाने पाणथळ जागांत शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी आणली ती फेब्रुवारी २०२३मध्ये. तिचा परिणाम झाला की नाही, हे पक्ष्यांच्या रक्ताशिवाय दुसरं कोण सांगणार?

अलास्काच्याच प्रिन्स विल्यम साउंडमध्ये २४ मार्च १९८९ रोजी एक्झॉन वाल्डीझ जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे चार कोटी लिटर तेल सांडलं. काही वर्षांत किनारे वरून स्वच्छ दिसू लागले. पण खडकाळ किनाऱ्यालगत चरणाऱ्या हार्लेक्विन बदकांच्या यकृताचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून संशोधक त्यातलं एक विकर (एन्झाइम) तपासत राहिले. तेलातली द्रव्यं शरीरात गेली की हे विकर वाढतं. दोन दशकं उलटून गेली तरी तेल सांडलेल्या भागातल्या बदकांत ते जास्तच येत होतं. फरक मिटला तो २०१३च्या आसपास. दगडगोट्यांखाली तेल शिल्लक होतं आणि बदकं ते पोटात घेत होती. पाच वर्षांनी 'किनारा बरा झाला' म्हणून तपासणी थांबवली असती तर? अशा प्रकल्पांना निधी मिळतो तो सहसा दोन-तीन वर्षांपुरता. दोन-तीन वर्षांत हे उत्तर मिळणं शक्यच नव्हतं.

आता बर्ड फ्लू. एच५एन१चा नवा प्रकार डिसेंबर २०२१मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये सापडला आणि २०२२च्या विणीत सेंट लॉरेन्स नदीच्या मुखातल्या बेटांवर आयडर माद्या घरट्यांवर मेल्या. त्यानंतर रानटी पक्ष्यांच्या तपासणीला पैसा आला, हे चांगलंच झालं. पण तो आला कशासाठी, हेही स्पष्ट बोलायला हवं. कोंबड्यांचे कारखाने आणि माणसं यांच्यासाठी तो आला. त्यामुळे जंगली बदक हे 'विषाणू आणणारं' म्हणून तपासलं जातं, आजारी पडणारा जीव म्हणून नाही. घशातून आणि गुदद्वारातून कापसाची काडी फिरवायची, नळीत टाकायची, एकच विषाणू आहे की नाही ते पाहायचं, पक्षी सोडून द्यायचा. जाळी लावून, थंडगार पाण्यात होडीवर तासन्‌तास बसून हाती आलेला स्कोटर अशा रीतीने अर्ध्या कामावर सोडणं हा मला अपराध वाटतो. त्याच पक्ष्याच्या शिरेतून थोडं रक्त घेतलं तर शिसं कळतं, प्रतिपिंडं कळतात. वजन आणि पंखाची लांबी मोजली तर प्रकृती कळते. उरलेलं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) उणे ८० अंशांत ठेवलं तर पंधरा वर्षांनी एखादा नवा विषाणू सापडल्यावर मागे जाऊन विचारता येतं: तेव्हा तू होतास का? प्रत्येक तपासणीच्या मंजुरीत ही अट घालणं अवघड नाही, आणि जाळं, होडी, माणसं यांच्या खर्चापुढे तिचा खर्च किरकोळ आहे.

पकडण्याने पक्ष्याला त्रास होतो, हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. होतोच. उबवणारी मादी घरट्यावरून उठवली की गल अंड्यांवर टपलेलेच असतात. म्हणून कुशल हात हवेत, अंडी पिसांखाली झाकून ठेवायला हवीत, पक्षी मिनिटांत मोकळा व्हायला हवा, आणि किती पक्षी पकडायचे ते आधी ठरायला हवं. हौस म्हणून एकही नको. मात्र एकदा पकडलेल्या पक्ष्याकडून जास्तीत जास्त माहिती घेणं, हेच त्या त्रासाला न्याय देणं आहे. निम्मी माहिती घेऊन पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेने दुसरे पक्षी पकडायचे, यात दुप्पट त्रास आहे.

दुसरा आक्षेप जास्त वेळा ऐकू येतो: रानटी पक्ष्याला औषध देता येत नाही, मग रोग कळून उपयोग काय? उपयोग असा की रोगावर नाही, तरी बाकीच्या मृत्यूंवर आपला हात असतो. साथीत माद्या गेल्या असतील तर त्या वर्षी शिकारीची मर्यादा खाली आणता येते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आयडरांच्या, विशेषतः माद्यांच्या, शिकारीवर अलीकडे आणखी बंधनं आलीच आहेत. कॉलऱ्याचे मृतदेह वेळेत उचलले तर पाण्यातला जीवाणूंचा भार कमी करता येतो. मासेमारीचा कोटा, पवनचक्क्यांची जागा, जहाजांचे मार्ग हे निर्णय माणसंच घेतात. बाल्टिक समुद्रात हिवाळा काढणारी लांबशेपटी बदकं १९९२-९३मध्ये सुमारे ४२ लाख होती. २००७-०९च्या मोजणीत ती सुमारे १५ लाखांवर आली. इतकी घसरण चालू असताना आजाराचा वाटा किती, जाळ्यांत अडकण्याचा किती, तेलाचा किती, हे ठाऊक नसलं तर कोणता निर्णय आधी घ्यायचा हेच कळत नाही, आणि ज्याला निर्णय नको असतो त्याचं फावतं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. सगळीकडे, सगळ्या जातींवर सारखीच नजर ठेवणं कुणालाही परवडणार नाही. तशी गरजही नाही. काही मोजक्या वसाहती आणि हिवाळी जागा निवडून तिथे पंचवीस-तीस वर्षांची हमी द्यावी. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनची राष्ट्रीय वन्यजीव आरोग्य प्रयोगशाळा १९७५पासून उभी आहे, कॅनडातही विद्यापीठांना जोडणारी सहकारी व्यवस्था १९९२पासून आहे; कौशल्य आहे, शीतपेट्या आहेत. हमी नाही. २०२५मध्ये अमेरिकेच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात, मॅडिसनची प्रयोगशाळा ज्या विभागात येते तो भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा परिसंस्था विभागच बंद करण्याची सूचना होती. इतक्या वर्षांची साखळी एका ओळीने तुटू शकते, आणि तुटलेल्या वर्षांची नोंद नंतर कितीही पैसे ओतले तरी मिळत नाही.

आणि जिथे प्रयोगशाळा पोहोचत नाही तिथे माणसं आहेत. आइसलँडमध्ये रानटी आयडरांच्या घरट्यांतली पिसं गोळा करणारी शेकडो कुटुंबं आहेत. किलोभर पिसांसाठी साठेक घरटी लागतात, त्यामुळे त्यांना एकेक घरटं माहीत असतं. हडसन उपसागरातल्या बेल्चर बेटांवरच्या सानिकिलुआक गावात १९९१-९२च्या हिवाळ्यात मोकळं पाणी गोठून आयडर मोठ्या संख्येने मेले, तेव्हा ते आधी पाहिलं ते तिथल्या इनुइट लोकांनीच. या माणसांकडून आज माहिती घेतली जाते, मृत पक्षी पाठवा म्हणून सांगितलं जातं, आणि अहवाल येतो तो अनेकदा इंग्रजी नियतकालिकात, काही वर्षांनी. पक्षी त्यांच्या ताटात येतो. त्याच्या मांसात शिसं किती, आजारी पक्षी हाताळणं कितपत सुरक्षित, हे जाणून घ्यायचा पहिला हक्क त्यांचा आहे. नमुने गोळा करणाऱ्याला मजुरी, शीतपेटी आणि प्रशिक्षण मिळावं, तपासणीत काय घ्यायचं हे ठरवताना त्याचं मत विचारलं जावं, आणि निकाल त्याच्या भाषेत पुढच्या शिकारीच्या हंगामाआधी त्याच्या गावात पोहोचावा. निधीच्या करारात ही कलमं नसतील, तर तो करार मंजूर होऊ नये.